ऊन पाण्याचे तीर्थ

घटस्थापना जवळ आली की आमच्या केडगावात रेणुकामातेच्या दर्शनाला रीघ लागते. नगरातून पहाटेच्या अंधारात अनवाणी निघालेले भाविक झुंजुमुंजू होता होता देवळाच्या दारी पोचतात. नऊ दिवस देवी गावाला भेटते. ते उलटल्यावर गावालाही इतर देवींच्या भेटीची ओढ लागते. त्याच ओढीने आम्ही काही केडगावकर एका कोजागिरीनंतर वज्रेश्वरीला निघालो. सोबत आमच्या वयोवृद्ध आत्याबाई होत्या. गुडघ्यांनी दाद देणे सोडले होते. पण ऊन पाण्यात एकदा तरी न्हायचे, हा त्यांचा हट्ट होता.

आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून कल्याण, भिवंडी आणि अंबाडी या वाटेने ठाणे जिल्ह्यातील या क्षेत्री पोचता येते. वसई-विरारकडूनही रस्ता आहे. वसईचा किल्ला सर झाला तर देवीचे मंदिर बांधीन, असे चिमाजीअप्पांनी बोलल्याचे सांगतात. इ. स. १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढे टेकडीवर हे मंदिर उभे राहिले. नगारखान्याखालून बावन्न पायऱ्या चढून गेलो, तो गाभाऱ्यात वज्रेश्वरीच्या शेजारी रेणुकामाता आणि परशुराम! आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, "अगं बाई, आपली आई आपल्या आधीच येऊन बसलीय!" घर सोडून आल्याची भावना तेथेच मावळली.

तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे उष्णोदकाची कुंडे आहेत. देवीने संहारलेल्या दैत्यांचे रक्त अजून उष्ण आहे, म्हणून हे पाणी तापते, अशी लोककथा आहे. गणेशपुरीत भीमेश्वराच्या मंदिरालगत कुंडे आहेत. १९६१ साली समाधिस्थ झालेल्या नित्यानंद स्वामींमुळे हे स्थान दूरदूरच्या साधकांना ठाऊक झाले.

शास्त्र काय म्हणते? येथे ज्वालामुखी नाही. आपला काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवाला. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते. भूगर्भात दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तापलेले पाणी क्षार विरघळवून घेत मोठ्या भेगांच्या वाटेने वर येते. सह्याद्रीच्या पायथ्याशी कोकणात अशा भेगांची ओळच आहे. म्हणून उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे ही गावांची नावेच ऊन पाण्याची साक्ष देतात. खानदेशातील उनपदेवही त्याच गोतातले. आमच्या नगरच्या पठारावर कूपनलिका शेकडो फूट नेऊनही घोटभर पाण्यासाठी देव पाण्यात ठेवावे लागतात. येथे पाताळ आपण होऊन ऊन पाणी वर पाठवते. हे पाहून आमचे मन भरून आले.

मात्र एक गोष्ट आम्हाला तेथे शिकावी लागली. आत्याबाईंना पायरीवर बसवून आम्ही साबणाची वडी काढली, तोच काठावरची एक गावकरी बाई हळूच म्हणाली, "दादा, साबण पिशवीत राहू दे. तुम्ही आज न्हाऊन जाल, आमची पोरं रोज इथंच उतरतात." त्या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच आम्ही अधिक ओशाळलो. जपानात उष्ण कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर अंग स्वच्छ धुण्याचा दंडक आहे. आपल्याकडेही देवळाच्या दारी पाय धुण्याची रीत आहेच; ती कुंडापाशी मात्र आम्ही विसरलो होतो.

यात्रेकरूंनी एवढे ध्यानी धरावे. कुंडागणिक उष्णता निराळी असते. कोकणातील झऱ्यांचे पाणी सुमारे ३४ पासून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत ऊन असते. म्हणून आधी स्थानिकांना विचारावे, मग पाऊल टाकावे. दहा-पंधरा मिनिटांहून अधिक बसू नये, पाणी पिऊ नये, नाकात जाऊ देऊ नये. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यांना विचारूनच उतरावे. नदीला पूर असता पात्राकडे फिरकू नये. निर्माल्य आणि जुनी वस्त्रे पाण्यात सोडू नयेत.

आत्याबाईंचे गुडघे बरे झाले का? नाही. ऊन पाण्याने सांधे सैलावतात, ठणका काही काळ उतरतो; झीज भरून येत नाही. पण त्या रात्री त्या शांत झोपल्या आणि सकाळी काठी टेकत स्वतः एस. टी.पर्यंत चालत आल्या. वाटेत म्हणाल्या, "पुढच्या खेपेला त्या बाईसाठी आपल्याकडची बाजरी नेऊ."

यंदा घट बसतील तेव्हा केडगावच्या आईपुढे आमचे मागणे एकच राहील : पठारावर तिने पाणी द्यावे आणि जेथे ते दिले आहे, तेथे ते निर्मळ राखण्याची बुद्धी आम्हा यात्रेकरूंना द्यावी.