नाचून मन हलकं होतं, म्हणजे नेमकं काय होतं?

नृत्योपचार म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी दिसतात. एक तर आरशासमोर भरतनाट्यमचा रियाज करणारी मुलगी, नाहीतर एखाद्या रिसॉर्टमधल्या शिबिरात केस मोकळे सोडून, डोळे मिटून घुमणारी मंडळी. डान्स मूव्हमेंट थेरपी, म्हणजे डीएमटी, या दोन्हींपासून बऱ्याच लांब, एका मनोरुग्णालयात वाढली.

१९४२ साली मॅरियन चेस या नर्तकी वॉशिंग्टनमधल्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात काम करू लागल्या. दुसरं महायुद्ध चालू होतं. भास-भ्रमांवरचं क्लोरप्रोमाझिन हे औषध यायला अजून दहाएक वर्षं अवकाश होता. कुणाशी अवाक्षर न बोलणारे रुग्ण वॉर्डात असायचे. चेस त्यांना नाच शिकवायला जात नव्हत्या. एखादा रुग्ण खुर्चीत बसून नुसता मागे-पुढे झुलत असेल, तर समोर बसून त्यांनीही तसंच झुलायचं. हुबेहूब नक्कल केली तर ती चेष्टा वाटते. म्हणून उचलायचा तो त्याचा वेग, खांद्यातला ताण, श्वासाची लय. बऱ्याच वेळाने आपलं झुलणं किंचित लांबवायचं, एक हात जरासा पुढे न्यायचा. समोरूनही हात थोडा हलला, की शब्दावाचून संभाषण सुरू झालं. याला मिररिंग म्हणतात, आणि आजही ते या उपचारातलं एक मुख्य तंत्र आहे. १९६६ साली अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा पहिल्या अध्यक्ष चेसच होत्या.

तेव्हा ‘मला कुठे नाच येतो?’ ही अडचण इथे लागूच होत नाही. खुर्चीत बसून बोटं हलवली तरी चालतं. उलट शिकलेल्या नर्तकांनाच कधी कधी जड जातं, कारण त्यांचं अंग सवयीने सुंदर दिसायला धावतं.

दुसरा समज थोडा अवघड आहे, कारण त्यात तथ्य आहे: ‘आमच्या मंगळागौरीत काय कमी आहे? फुगडी घातली की जीव हलका होतो.’ होतोच. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या किशोरवयीन मुलांना एका ठेक्यात नाचवलं आणि नंतर रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळून दुखणं कितपत सोसतं ते पाहिलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, एकतालात हलणाऱ्यांची सोसण्याची ताकद वाढलेली होती आणि एकमेकांबद्दलची जवळीकही. फुगडीत तर हात गुंफून मागे रेलायचं, म्हणजे आपला तोल सरळ दुसरीच्या मनगटावर सोपवायचा. पण फुगडी मोडली की सगळ्या हसतात आणि पुढचा खेळ सुरू होतो. ‘तुझा हात दर वेळी आधीच का सुटतो?’ असं तिथे कुणी विचारत नाही, विचारूही नये. उपचारात मात्र कुणीतरी तेच बघत असतं, लक्षात ठेवतं आणि योग्य वेळी त्यावर बोलतं.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे ‘आतलं सगळं एकदाचं बाहेर काढून टाकायचं’. उशा बडवा, किंचाळा, भोवळ येईपर्यंत फिरा, मग मोकळं वाटेल. मनाला आपण प्रेशर कुकर समजतो, त्याचा हा परिणाम. रागाबद्दलच्या १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ साली आला. शरीराची उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत राग उतरत नाही. संथ श्वसन, शिथिलीकरण, ध्यान यांनी उतरतो, असं त्यात दिसलं. अत्याचार सोसलेल्या माणसाला मिटलेले डोळे, दणदणता आवाज आणि गर्दी यांनी तो प्रसंग पुन्हा अंगावर येऊ शकतो. म्हणून जाणता थेरपिस्ट उलट्या टोकाने सुरुवात करतो: डोळे उघडे, पाय जमिनीवर घट्ट, दार दिसेल अशी जागा, आणि विचारल्याशिवाय स्पर्श नाही.

सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली सुरू केलेली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था मानवी तस्करी आणि हिंसाचारातून सुटलेल्या मुली-स्त्रियांबरोबर असंच काम करते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रमही तिच्या सहकार्याने उभा राहिला. जिच्या शरीरावर कायम दुसऱ्याचाच हुकूम चालला, तिने ‘ही हालचाल मी करणार नाही’ म्हणणं हीच मोठी मजल असते.

रील्समध्ये हल्ली ‘दुःख कमरेत साठतं’ असं ठासून सांगतात. कमरेत आठवणींची थैली नसते. धास्तावलेल्या माणसाचे खांदे वर चढतात, जबडा आवळतो, श्वास छातीतच अडकतो आणि पुढे त्याची सवय होते, एवढं खरं आहे. ही सवय मोडता येते. मांडीचा स्नायू ताणताना रडू आलं म्हणून तिथून एखादा जुना आघात निघून गेला, असं मात्र होत नाही.

मग नैराश्यावर नाच औषधाइतका चालतो का? २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात निकषांत बसणारे जेमतेम ३ अभ्यास मिळाले, त्यांत मिळून १४७ माणसं. ठाम निष्कर्ष काढता आला नाही. २०२४ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २१८ अभ्यासांचं विश्लेषण आलं. त्यात नाचाचा परिणाम चांगलाच मोठा दिसला, पण नाचावरचे अभ्यास मोजकेच होते, त्यामुळे संशोधकांनीच त्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका म्हटलं. बातमीत नेमका हाच भाग गळतो. गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. नाच सोबतीला असू द्यावा. जीव नकोसा वाटत असेल तर वर्गाची चौकशी करत बसू नये, आधी १४४१६ या टेलि-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन करावा.

नाच म्हणजे बायकांचं नि तरुणांचं काम, असं मानणाऱ्यांनी पुण्यात डोकवावं. तिथे नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांबरोबर नृत्याचे वर्ग चालवले. या आजारात एरवी चालताना पाऊल जागीच थिजणाऱ्या माणसाला ठेका मिळाला, की ते उचलायला आधार होतो.

थेरपिस्ट निवडताना शिक्षण कुठे आणि किती काळ झालं, ते विचारावं. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. माझ्या डॉक्टरांशी बोलाल का, गटातलं बोलणं गटातच राहील का, स्पर्शाचा नियम काय, हेही विचारावं. आणि एखाद्या दिवशी मी कोपऱ्यात नुसता बसून राहिलो तर चालेल का? यावर थेरपिस्ट अडखळला, तर दुसरा शोधावा.