हट्ट आणि हद्द
(पडद्यावरची भुतं : लेखांक सातवा)

किन्हवलीहून सरळगावकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं लागतात. पावसाळ्यात त्यांच्या बांधांवरून दिवसाही तोल सांभाळत चालावं लागतं. अमावास्येच्या रात्री तर स्वतःचं शेतसुद्धा ओळखू येत नाही. चकवा लागतो तो अशा ठिकाणी. माणूस घराकडे म्हणून निघतो, तासभर चालतो आणि पुन्हा त्याच उंबराखाली येऊन उभा राहतो. लहानपणी हा किस्सा आम्ही किती जणांच्या तोंडून ऐकला असेल. माणूस दर वेळी वेगळा. कधी बाजार करून परतणारा, कधी लग्नाहून येणारा, कधी चिंबोऱ्या धरायला गेलेला. चकवा मात्र तोच. बांध तोच, उंबर तोच आणि सुटकेचा उपायही तोच: चालणं थांबवायचं, आहे तिथे बसायचं, विडी ओढणाऱ्याने विडी पेटवायची आणि उजाडायची वाट पाहायची.

सिनेमावाले ज्याला सिक्वेल म्हणतात, तो मला पहिल्यांदा भेटला तो असा, ओटीवर, कंदिलाच्या उजेडात. एकच भूत, तीच जागा, नवं सावज. ऐकणाऱ्याला शेवट ठाऊक असायचा, तरी तो पुढे सरकून बसायचा.

मागच्या लेखात आपण रामसे बंधूंच्या हिंदी भयपटांतल्या हवेल्या पाहिल्या. तिथलं भूत गंभीर होतं. त्याला सूड घ्यायचा होता आणि तो घेऊन झाला की सिनेमा संपत होता. आज जे भूत घेतलं आहे ते वेगळ्या स्वभावाचं आहे. ते खोडकर आहे. खडे मारतं, नाव घेऊन हाक मारतं, वाट चुकवतं, मागितलेलं मिळालं नाही की लहान मुलासारखं हातपाय आपटतं. अशा भुतावर थोडक्या पैशांत सिनेमा निघतो, आणि तो चालला की दुसरा भाग हमखास येतो. दुसरा भाग बहुधा पहिल्याइतका जमत नाही. असं का होतं, याचा विचार मी पुष्कळ दिवस करतो आहे. लोककथेतल्या खोडकर भुताकडे दोन गोष्टी असतात, एक हट्ट आणि एक हद्द. सिनेमावाले हट्ट उचलतात आणि हद्द गावातच टाकून जातात.

या प्रकारातलं जगभर माहीत असलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. आयर्लंडच्या लोककथांत लेप्रिकॉन नावाचा एक बुटका आहे. तो चांभारकाम करतो, सोन्याचा हंडा लपवून ठेवतो आणि माणसांना फसवतो. १९९३ साली मार्क जोन्स या दिग्दर्शकाने त्याच्यावर दहा लाख डॉलरच्या आतबाहेरच्या खर्चात सिनेमा काढला. बुटक्याचं काम वॉर्विक डेव्हिसने केलं. जेनिफर अ‍ॅनिस्टनची ती सिनेमातली पहिली मोठी भूमिका. त्या पहिल्या भागात लोककथेचा धागा शाबूत होता. सोनं चोरलंत तर तो येणार, हा त्याचा हट्ट. समोर बूट फेकले की पळता पळता थांबून ते पुसत बसणार, ही त्याची चांभारकीतून आलेली खोड. आणि चार पानांच्या तिपतियापुढे त्याचं काही चालणार नाही, ही त्याची हद्द.

पुढे त्याचे भाग निघत गेले. दुसऱ्या भागात तिपतियाची जागा घडीव लोखंडाने घेतली. तिसरा भाग लास वेगासच्या जुगारखान्यांत घडला आणि थेट व्हिडिओ कॅसेटवर आला. चौथ्यात तो अंतराळात गेला. २००० साली तो लॉस एंजेलिसच्या वस्तीत रॅप गाणाऱ्यांच्या मागे लागला. २०१८ साली नवा भाग आला, तो मधले सगळे भाग बाजूला ठेवून पहिल्याच सिनेमाच्या जागी, त्याच घरापाशी परतला. मला त्यातली ही परतण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं हिंडवून झाल्यावर भुताला त्याच्या जागी आणून सोडावं लागलं.

आपल्याकडे असं भूत पडद्यावर आणलं ते महेश कोठारे यांनी. १९९०च्या ‘धडाकेबाज’मध्ये बाटलीतला गंगाराम होता. लक्ष्मीकांत बेर्डे यांचीच ती दुसरी भूमिका. तीन वर्षांनी ‘झपाटलेला’ आला आणि तात्या विंचू घराघरांत पोहोचला. मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८च्या अमेरिकन सिनेमाची, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण तात्याला मराठी केलं ते रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने आणि दिलीप प्रभावळकरांनी. पाध्ये शब्दभ्रमकार. त्यांच्या वडिलांचा अर्धवटराव महाराष्ट्राने आधीच घरचा मानलेला होता, त्यामुळे बोलका बाहुला प्रेक्षकाला परका नव्हता. मराठी सिनेमाच्या तेव्हाच्या खिशाला परवडणारी ही युक्ती होती. एक बाहुला, एक आवाज, खाली लपलेले दोन हात आणि प्रकाशयोजना. तात्याच्या साथीदाराचं नाव कुबड्या खवीस. खवीस म्हणजे भूत, हे आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला समजावून सांगावं लागलं नाही.

तात्याचा हट्ट एकच होता. आपण बाहुल्यात शिरलो आहोत हे गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्या लक्ष्याच्या, म्हणजे बेर्डे यांच्या पात्राच्या, शरीरात शिरायचं. वीस वर्षांनी, २०१३ साली, ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला, तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे हयात नव्हते. २००४ सालीच ते गेले होते. मग तात्या लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागला. ही जोडणी मला पटते. बापाचं देणं मुलाकडे मागायचं, ही आपल्या भुतांची जुनी रीत आहे. थ्रीडीने मात्र भीती वाढली नाही. पहिल्या भागात एवढासा बाहुला गुपचूप बसून असायचा आणि आता हा मान वळवणार की काय, या धास्तीने पोरं आईच्या पदरात शिरायची. पडद्यातून अंगावर येणाऱ्या वस्तूंनी ते काम झालं नाही.

तात्या मुळात बाहेरून आलेला. अस्सल आपलं खोडकर भूत पडद्यावर मोठ्या प्रमाणात यायला २०२४ साल उजाडावं लागलं. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हिंदीत आला, पण त्याचं घर, त्याची माती, त्यातली सुहास जोशींची आजी सगळं मराठी. तीस कोटींच्या आसपास खर्च झाल्याचं सांगितलं गेलं. हिंदीच्या मानाने तो थोडका. देशातली कमाई शंभर कोटींच्या पुढे गेली. गोष्ट गोट्या नावाच्या मुलाची. त्याचा वयाने मोठ्या मुन्नीवर जीव, तिच्यापायी तो अघोरी मार्ग धरतो आणि मरतो, आणि मग झाडाशी अडकून तेच मागणं पिढ्यान् पिढ्या मागत राहतो.

मुंज्याची मूळ समजूत याहून साधी आहे. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आधी मुलगा गेला, तर त्याचा मुंज्या होतो. तो पिंपळावर राहतो, खडे मारतो, छळतो, पण मोठ्या भुतांसारखा जीवघेणा नसतो. अर्धवट राहिलेलं एक कार्य, एवढंच त्याचं दुःख. म्हणून उताराही कार्याचाच. पिंपळाला पार बांधायचा, पिंपळाची मुंज लावायची. ज्या आईबापांचं मूल गेलं त्यांनी त्या मुलाचं राहिलेलं झाडापाशी पूर्ण करायचं. मला ही समजूत कधीही नुसती भीतीची वाटली नाही. तिच्यात रडणं आहे. सिनेमात त्या रडण्याचा अंश गोट्याच्या हट्टात उतरला आहे आणि तो प्रेक्षकांना लागला, असं माझं मत आहे. निर्मात्यांनी जानेवारी २०२५मध्ये पुढच्या सिनेमांची यादी जाहीर केली, तिच्यात २०२७च्या डिसेंबरसाठी ‘महा मुंज्या’ हे नाव आहे. नावातला ‘महा’ मला काळजीत टाकतो. मुंज्या लहान मूल आहे. त्याला मोठा केला की तो मुंज्या राहत नाही.

हद्दीचं म्हणतो, तर एक जुना कागद पाहू. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी हत्या केली, हे शाळेत सगळे शिकतात. याच जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवून लोकसमजुती गोळा करवल्या होत्या, हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांच्या मृत्यूनंतर सनदी अधिकारी एन्थोवेन यांनी ती टिपणं छापली. कोकणाचा भाग १९१५ साली निघाला. त्यात ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांनी कळवलेली भुतंही आहेत. मुंज्या, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट अशी ती नावं. बऱ्याच जणांचं राहण्याचं ठिकाणही नोंदलेलं. गिऱ्हा पाण्याकाठी, मुंज्या पिंपळावर. त्या नोंदींत भुतांच्या जातीही आहेत, कारण ती नोंदवणारा समाज तसा होता. आज विनोदी भयपट लिहिणाऱ्याने ते वाचताना आपण हसतो आहोत ते कोणाला, हे तपासून घ्यावं.

भुताला जागा देण्यामागे शहाणपण होतं, असं मला वाटतं, आणि हे मी गावाच्या अभिमानापोटी म्हणत नाही. रात्री दगड पडला तर तो पिंपळावरच्याने मारला. वाट चुकली तर बांधावरच्या चकव्याने चुकवली. दोष झाडाकडे गेला, शेजाऱ्याकडे गेला नाही. पेरणीआधी गावदेवाला नारळ, वेशीवर वाघोबाला मान, वर्ष निभावलं, पुढच्या वर्षी पुन्हा. भूत आपल्या जागी, माणूस आपल्या घरी. ही हद्द मोडते तेव्हा काय होतं, हे आम्ही पाहिलं आहे. मार्च २०२४मध्ये मुरबाड तालुक्यातल्या एका गावात करणी केल्याच्या संशयावरून एका सत्तरी ओलांडलेल्या माणसाला निखाऱ्यांवर नाचवलं गेलं. ‘मुंज्या’ चित्रपटगृहांत यायला तेव्हा सुमारे तीन महिने उरले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा असूनही हे घडलं. ठाणे आणि पालघरच्या पाड्यांवर ‘भुताळी’ ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या आहेत.

म्हणून हा विषय मला नुसत्या करमणुकीचा वाटत नाही. खोडकर भुताच्या सिनेमांचे पुढचे भाग निघतात तेव्हा कथा वाढवायला सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे ‘हे कोणीतरी केलं’ असं दाखवणं. पहिल्या भागात झाड असतं, दुसऱ्यात मांत्रिक येतो, तिसऱ्यात गावातली एक म्हातारी बाई निघते. भूत झाडावरून उतरतं आणि माणसाच्या अंगावर चिकटवलं जातं. तिथे हसू संपतं. लेप्रिकॉनला अंतराळात नेल्याने कोणाचं नुकसान झालं नाही. आपल्याकडे भुताची हद्द मोडली तर भाजतात ते माणसाचे पाय.

पैसे कमी असणाऱ्या दिग्दर्शकाला तर हद्द वरदान आहे. एक बांध, एक उंबर, रात्रभर फिरणारे दोघे मित्र, त्यांच्यात बाजारातल्या पैशांवरून जुंपलेलं भांडण आणि पुन्हा पुन्हा समोर येणारं तेच झाड. याला महागडी तंत्रं लागत नाहीत, चांगला आवाज आणि चांगली भाषा लागते. दुसऱ्या भागात त्याच बांधावर दुसरी माणसं आणावीत. दुबार लावणीसाठी पहाटे निघालेल्या बाया, किंवा शेवटच्या लोकलने आसनगावला उतरलेला, रिक्षा न मिळाल्याने चालत निघालेला कारखान्यातला पोरगा. चकव्याला सांगण्यासारखं त्या प्रत्येकाकडे वेगळं काही असेल. शहापूर-मुरबाडचा हा पट्टा ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी अशा अनेकांचा आहे आणि प्रत्येकाकडे भुताचं नाव आणि खोड वेगळी आहे. एवढा साठा असताना पडद्यावर अजून आमचा एक पाणवठाही आलेला नाही, याची मला खंत वाटते.

तुमच्या घरी ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. मोबाइलवर आवाज टिपून घ्या. कुठलं झाड, कुठला ओढा, भूत काय मागायचं, काय दिलं की गप्प व्हायचं, हे सगळं त्यांच्याच बोलीत राहू द्या. आणि त्या गोष्टीत गावातल्या जिवंत माणसाचं नाव आलं तर ते वगळा. पुढच्या लेखात म्हशाच्या जत्रेतल्या तंबू टॉकीजबद्दल बोलू.