पटाचारा थेरी आणि आघातग्रस्तांची शुश्रूषा

मानसोपचारात ‘आघाताची जाण ठेवणारी शुश्रूषा’ हा विचार अलीकडे रूढ होत आहे. माणसाच्या वागण्यात दोष शोधण्यापूर्वी त्याच्यावर काय गुदरले, तो कोणत्या समाजात वाढला, हे उपचारकाने जाणावे, असा त्याचा आशय आहे. पालि वाङ्मयातील पटाचारेची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे.

पटाचारा ही सावत्थीच्या श्रेष्ठीची कन्या. घरच्या सेवकाशी संसार मांडण्यासाठी तिने घर सोडले. धम्मपद-अट्ठकथेनुसार पती सर्पदंशाने, दोन्ही मुले नदीकाठी, आईवडील व भाऊ घर कोसळून असे सर्वजण एका दिवस-रात्रीत गेले. वस्त्राचेही भान हरपलेल्या तिच्यावर लोक वेडी म्हणून माती फेकीत. जेतवनात परिषदेने तिला अडवू पाहिले. भगवंतांनी अडवणाऱ्यांना बाजूस केले, तिला भगिनी म्हणून संबोधिले आणि सति, म्हणजे हरपलेले भान, परत मिळविण्यास सांगितले. एका पुरुषाने आपले उत्तरीय तिच्याकडे टाकले. मग तिने हकीकत सांगितली, धम्मोपदेश त्यानंतरचा. हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो. सेवकाबरोबर का गेलीस, असे भगवंतांनी तिला विचारले नाही. किसा गोतमीला मात्र त्यांनी मोहरीसाठी घरोघर पाठविले. दोघींना एकच औषध दिले नाही.

पुढे हीच पटाचारा विनयधर भिक्खुणींत अग्र ठरली. थेरीगाथेत ती पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या स्त्रियांचे सांत्वन करते. त्या पाचशे होत्या असे परंपरा सांगते. हा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. मरण हा प्राणिमात्रांचा धर्म आहे, असा तिच्या उपदेशाचा आशय आहे आणि तो तिच्या तोंडी शोभतो, कारण तिने ते सोसले होते.

परंतु हा उपदेश सर्वत्र लागू करता येत नाही. मरण अटळ आहे. जातीचा अपमान माणसांनी निर्माण केलेला आहे. वसतिगृहात जातीवरून टोमणे सोसलेल्या मुलीला ‘सर्व अनित्य आहे’ असे सांगणे म्हणजे चुकीचे औषध देणे होय. ‘हे तुझे पूर्वकर्म’ असे सांगणे तर तिच्यावर पुन्हा माती फेकणेच. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आजच्या दुःखाचा भार पूर्वजन्मीच्या कर्मावर टाकणारी उपपत्ती नाकारली, ती याच कारणाने.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारात जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. तथापि भेदभाव न करणे वेगळे आणि जातीचा घाव ओळखणे वेगळे. विहारात अशी मुलगी आली तर तिला आधी बसू द्यावे, बोलू द्यावे, आणि तिची इच्छा असेल तर उपचारकाकडे तिच्यासोबत जावे.