टेकडी न मोडता समुद्रापर्यंत

नाशिक जिल्ह्याला समुद्र लागत नाही, पण समुद्रकाठच्या वाळूत आपलाही थोडा वाटा आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला निघते, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच डोंगरांतून वैतरणाही निघते. ती पश्चिमेला उतरते आणि पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. जाताना सह्याद्रीचा काळा दगड झिजवून त्याचा चुरा सोबत नेते. उत्तर कोकणातल्या किनाऱ्यांवरची वाळू काळसर दिसते, त्यामागे अशा नद्यांनी आणलेला हा दगडच आहे. आता वैतरणेवर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर अशी मुंबईला पाणी पुरवणारी धरणं एकाखाली एक उभी आहेत. पाण्याबरोबर वाळूही अडते, आणि पुढे खाडीत पोचते तिचाही उपसा होतो. किनाऱ्याला नवी वाळू कमी मिळते, म्हणून आहे ती सांभाळायला हवी. तिचा मोठा साठा असतो पुळणीच्या मागच्या वाळूच्या टेकड्यांत. जव्हारमार्गे डहाणू, बोर्डी किंवा केळव्याला पोचलेला नाशिककर गाडीतून उतरल्यावर सगळ्यांत आधी याच टेकड्या तुडवतो.

गाडी लावतो ती जागा आणि ओली वाळू यांच्यामधलं अंतर जेमतेम शे-दोनशे पावलांचं. ते कसं पार करायचं, याचं एक शास्त्र आहे, आणि कायदाही आहे.

आधी टेकडी होते कशी ते पाहू. ओहोटीनंतर पुळणीचा वरचा भाग उन्हानं वाळतो आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की कोरडे कण उडू लागतात. ते फार वर जात नाहीत, घोट्याच्या-गुडघ्याच्या उंचीत टणाटण उड्या मारत सरकतात. वाटेत एखादा ओंडका किंवा झुडूप आडवं आलं की वारा मंदावतो आणि कण तिथे पडतात. ओंडक्यामागे साठलेला ढीग पुढच्या उधाणात वाहून जाऊ शकतो. वनस्पतीमागचा टिकतो, कारण ती ढिगाबरोबर वाढते. मर्यादवेल ही यातली पहिली मानकरी. मध्ये दुभंगलेलं जाड पान, जांभळट गुलाबी कर्ण्यासारखं फूल आणि वाळूवर कित्येक हात पसरलेली दोरीसारखी खोडं. या खोडाला पेरापेरावर मुळं फुटतात. वर वाळू पडून वेल गाडली गेली तरी शेंडा पुन्हा वर येतो आणि गाडलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात. तिच्या जोडीला रावणमिशीचं गवत असतं. त्याचे काटेरी गोळे वाऱ्यावर पुळणीभर गडगडत जातात आणि जिथे अडकतील तिथे बी टाकतात. मागच्या बाजूला जरा निवारा मिळाला की केवडा आणि झुडपं येतात. अशी टेकडी चांगली उभी राहायला वर्षानुवर्षं लागतात.

तिचं काम दिसतं ते पावसाळ्यात. खवळलेल्या लाटा पुळण कापतात, टेकडीचा पायथाही खातात, आणि ती वाळू आत नेऊन उथळ पाण्यात बांधासारखी टाकतात. पुढच्या लाटा त्या बांधावर फुटतात, त्यांचा जोर किनाऱ्यापर्यंत येईतो ओसरतो. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. या ये-जेसाठी टेकडीला थोडं मागेपुढे सरकायची मोकळीक हवी. दगडी भिंतीला तशी हालचाल करता येत नाही. लाट भिंतीवर आपटून परत फिरते आणि भिंतीच्या पायाखालचीच वाळू घेऊन जाते. शिवाय टेकडीत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या वाडीतली विहीर त्यामुळे गोडी राहते. ॲमस्टरडॅम शहरानं 1853 पासून आपलं पिण्याचं पाणी अशाच टेकड्यांतून आणलं, आणि आजही त्या टेकड्यांत लोकांना मनसोक्त हिंडता येतं.

माणसाच्या पायांनी असं काय बिघडतं? लाटांना पुरून उरणारी मर्यादवेल टाचेखाली मात्र टिकत नाही. रोज त्याच जागी माणसं चालली की खोड तुटतं, मुळं उघडी पडतात आणि हिरव्या टेकडीवर एक उघडा पट्टा तयार होतो. वाऱ्याला तेवढी फट पुरते. तो त्या पट्ट्यातून जोरानं घुसतो, वाळू मागे फेकतो, पट्टा खोल आणि रुंद करत जातो. पुढच्या उधाणाला तयार दरवाजाच मिळतो आणि खारं पाणी थेट मागच्या वाडीत शिरतं. एका सुट्टीत पाचशे माणसं पन्नास वाटांनी गेली तर पन्नास फटी पडतात. तीच पाचशे माणसं एका वाटेनं गेली तर सांभाळायला एकच वाट उरते. सगळी आखणी या हिशेबावर उभी आहे. म्हणूनच ‘लोकांना येऊच देऊ नका’ हा उपाय मला पटत नाही. वाट दिली नाही तर लोक स्वतःच्या वाटा पाडतात, कुंपण घातलं तर ते वाकवून जातात.

वाट आखणारा माणूस पहिला दिवस नुसता बघण्यात घालवतो. लोक आत्ता कुठून जातात? कोळ्यांच्या होड्या कुठून ओढल्या जातात, जाळी कुठे वाळतात, गुरं कुठून उतरतात? कागदावर सुंदर पण कुणाच्या सवयीत न बसणारी वाट ओस पडते. होड्यांची वाट वेगळी आणि मोकळी ठेवावीच लागते. पर्यटकांसाठी ती अडवणं म्हणजे ज्यांचा किनारा त्यांनाच पाहुणं करणं. टेकडीचा जो भाग आधीच सखल किंवा मोडलेला आहे तिथून नवी वाट नेतात, म्हणजे धडका भाग वाचतो. आणि ती नाकासमोर सरळ नेत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर उघडीपीच्या दिवसांत दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो. वाट या दोन्ही दिशांना तिरकी ठेवून मध्ये एक वळण दिलं की वाऱ्याला सरळ बोगदा मिळत नाही.

मग येते लाकडी फळ्यांची उचललेली वाट. निफाड-लासलगावकडच्या वाचकाला ती पटकन समजेल, कारण तिचा तळ कांद्याच्या चाळीसारखा असतो: जमिनीपासून उचललेला, फटी ठेवलेला, खालून वारा खेळता. चाळीत कांदा सडू नये म्हणून फट, इथे वाळू वर साठू नये आणि खालच्या वेलीला ऊन-पाऊस मिळावा म्हणून. फट बोटभर ठेवतात. त्याहून मोठी झाली तर लहान मुलाचा पाय आणि चाकाच्या खुर्चीचं पुढचं चाक अडकतं. खांब वाळूत खोल ठोकून बसवायचे, काँक्रीट ओतायचं नाही. खांबाचं डोकं फळीच्या वर थोडं ठेवायचं, कारण टेकडी वाढते आणि दोन-चार वर्षांनी फळ्या उचलून वर बसवाव्या लागतात. खिळ्यांऐवजी गंज न लागणारे स्क्रू वापरायचे ते त्यासाठीच. समुद्राकडचा शेवटचा तुकडा तर सुटा ठेवून मेअखेरीस काढून घ्यायचा असतो. जून-जुलैचं उधाण त्याला हमखास उचलणार, मग तोच ओंडका होऊन टेकडीवर आपटणार.

वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचा दोर पुरतो. जुन्या चोरवाटांच्या तोंडाशी झावळ्यांचं विरळ कुंपण घालतात. ते भरगच्च केलं तर वारा त्याला वळसा घालून पायथा उकरतो. साधारण अर्धं उघडं, अर्धं बंद असलं की वाऱ्याचा वेग मोडतो आणि वाळू तिथेच बसते. पाऊस लागला की मर्यादवेलीचे तुकडे तिथे रोवायचे. वाहनतळ, शौचालय, वडापावच्या टपऱ्या आणि कचऱ्याचे डबे सगळे टेकडीच्या मागे, जमिनीकडच्या बाजूला. हे एवढं जमलं तरी निम्मं काम झालं.

सुरूच्या बनाबद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल, कारण केळव्यापासून दिवेआगरपर्यंत किनारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तेच येतं. सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. वारा अडवायला आणि वाळू थोपवायला म्हणून तो लावला गेला, सावलीही छान देतो. पण त्याच्या सुयांच्या जाड थराखाली मर्यादवेल वाढत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरू धडाधड कोसळला. आहे ते बन तोडा, असं मी म्हणणार नाही. मात्र समुद्राकडच्या पहिल्या टेकडीवर नवा सुरू लावू नये.

आता कायदा. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना 1991 ची, नंतर 2011 ची आणि आताची 2019 ची. वाळूच्या टेकड्या, खारफुटी आणि कासवांच्या विणीच्या जागा सीआरझेड-1अ या सर्वांत कडक वर्गात येतात. जिवंत टेकडी सपाट करणं किंवा तिला ‘नटवणं’ मना आहे. निसर्गवाटेसारख्या गोष्टींना वाव आहे, पण मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात आधी दाखवलेल्या पट्ट्यातच. म्हणजे वाट आराखड्यात आधी आणि जमिनीवर नंतर यावी लागते. आपल्याकडे पुष्कळदा आधी फरसबंदी होते आणि मग परवानगीची धावपळ. 2025 साली महाराष्ट्रातल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं: श्रीवर्धन, नागाव, पर्णका, गुहागर आणि लाडघर. त्यातला पर्णका डहाणूचा, म्हणजे नाशिककरांच्या अगदी वाटेवरचा. स्वच्छता, सुरक्षितता आणि सोयी यांना या मानांकनात वजन आहे. सोयींच्या नावाखाली टेकडीवर फरश्या चढू नयेत, यावर मात्र गावालाच नजर ठेवावी लागेल.

अशी नजर ठेवता येते, याचा दाखला मंडणगड तालुक्यातल्या वेळासचा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून इथे गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं आणि 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. मादी रात्री वर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून परत जाते. गावकरी ती अंडी जाळीच्या कुंपणातल्या खड्ड्यांत हलवतात. पिल्लं बाहेर पडायला साधारण दीड-दोन महिने लागतात. मग सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी पाहुणे दोराच्या अलीकडे उभे राहतात आणि पिल्लं दोरापलीकडून पाण्याकडे निघतात. क्षितिजाचा उजेड बघून ती दिशा धरतात, म्हणून टॉर्च आणि फ्लॅश बंद. इथे फळ्यांची वाट नाही, बांधकाम जवळपास काहीच नाही. एक दोर, ठरलेली वेळ आणि हटकणारा गावातलाच माणूस. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, त्यामुळे पुळण राखण्यात गावाचा रोकडा फायदा आहे. माझ्या मते कुठल्याही वाटेचं खरं बांधकाम हेच, फळ्या त्यानंतर.

राहिला प्रश्न उलट्या बाजूचा: टेकडी शाबूत, पण समोर रिसॉर्टचं फाटक बंद. भरती-ओहोटीमधली पुळण सार्वजनिक असते. सीआरझेडच्या नियमांप्रमाणे दोन हॉटेलांच्या किंवा रिसॉर्टांच्या मध्ये लोकांना समुद्राकडे जायला किमान 20 मीटर रुंदीची मोकळी जागा सोडावी लागते, आणि खासगी कुंपणानं किनाऱ्याची वाट अडवता येत नाही. त्याच नियमांत रिसॉर्टला टेकडी सपाट करायलाही मनाई आहे. तेव्हा पुढच्या वेळी जव्हारचा घाट उतराल तेव्हा गाडी टेकडीच्या अलीकडेच लावा, आधीची एखादी मळलेली वाट असेल तर तीच धरा आणि वेलीवर पाय देऊ नका. वाट कुणी अडवली असेल किंवा टेकडीवर जेसीबी दिसला, तर ठिकाण आणि तारीख दिसेल असा फोटो काढून त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. सीआरझेडची जिल्हा समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते, आणि तिच्यावर स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत असा नियम आहे.