लांडग्याच्या पणतूला गाजराचं बिस्किट

"मावशी, मोत्या लांडग्याचा वंशज आहे. तो गाजर कशाला खाईल?"

भाचीने कमरेवर हात ठेवून हा प्रश्न विचारला, तेव्हा लांडग्याचे वंशज ओट्यापाशी चारी पाय वर करून झोपले होते. एक कान लादीवर पसरलेला, जिभेचं टोक बाहेर. मी गाजर किसत होते. किसणीचा आवाज थांबला की वंशज एक डोळा उघडायचे आणि पुन्हा मिटायचे.

त्या दिवशी मोत्याचा वाढदिवस होता. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही. भर पावसात तो आमच्या जिन्याखाली सापडला, तोच दिवस आम्ही धरतो. भाचीला त्याच्यासाठी क्रीमचा केक हवा होता. मी म्हटलं, केक नको, बिस्किटं करू, तीही भाज्यांची. त्यावर बाईंचा हा सवाल!

सवाल रास्त होता. लांडगा हरणामागे धावतो, गाजरामागे धावलेला कुणी पाहिलेला नाही. पण मग मला सांगा, आपल्याकडे दारच्या कुत्र्याला काय घालतात? उरलेली भाकरी. संत नामदेवांची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेलच. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, देवा कोरडी खाऊ नकोस म्हणून. गोष्ट भक्तीची आहे खरी, पण मला त्यातला कुत्राच जास्त छळतो. त्याने भाकरी का पळवली? मांस खाणाऱ्याच्या पोरानं ज्वारीच्या भाकरीसाठी एवढा जिवाचा आटापिटा करावा?

भाकरीत असतो स्टार्च. स्टार्च म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ. ही माळ आहे तशी रक्तात शिरत नाही, आधी तिचे मणी सुटे करावे लागतात. त्यासाठी शरीराकडे एक कात्री असते, तिचं नाव अमायलेज. आपली कात्री तोंडातच कामाला लागते. आत्ताच भाकरीचा तुकडा घ्या आणि गिळायची घाई न करता चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागेल. कुत्र्याच्या लाळेत ही कात्री जवळजवळ नसतेच. असती तरी काय उपयोग, तो चावतो कुठे? गट्टम करतो! त्याची कात्री पोटात, स्वादुपिंडातून येते.

ती कशी बनवायची याची कृती जनुकात लिहिलेली असते. लांडग्याकडे या कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांकडे किती प्रती आहेत ते मोजलं. कुणाकडे चार, कुणाकडे दहा, कुणाकडे तर तीस! एकच पाककृती वहीत तीस वेळा उतरवून ठेवावी, तसं. प्रती जास्त, म्हणून कात्र्याही जास्त.

आता गंमत बघा. ऑस्ट्रेलियातला डिंगो हाही कुत्र्याच्याच कुळातला, पण त्याच्याकडे लांडग्यासारख्या दोनच प्रती आहेत. तो हजारो वर्षं शेती नसलेल्या मुलखात शिकारीवर जगला. भाकरी मिळायचीच नाही, तर कात्र्या हव्यात कशाला? उलट युरोपात सापडलेल्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांच्या हाडांत जास्तीच्या प्रती आढळल्या आहेत. म्हणजे माणूस धान्य पिकवू लागला, उकिरड्यावर उष्टं-खरकटं पडू लागलं आणि ज्या पिल्लांना ते पचलं ती धष्टपुष्ट झाली. त्यांची पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं.

"म्हणजे मोत्याकडे भाकरीचं जनुक आहे?" भाचीने विचारलं.

आहे! पीठ त्याला पचतं. गाजराचं मात्र वेगळं आहे. गाजराच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते. ती फोडणारी कात्री कुत्र्याकडे नाही, आपल्याकडेही नाही. आपण निदान चावून चावून भिंती पाडतो. कुत्र्याचा जबडा नुसता वर-खाली होतो, गाईसारखा आडवा फिरत नाही, म्हणून त्याला गाजर चावून चावून बारीक करणं काही जमत नाही. गेल्या महिन्यात याच मुलीने त्याला कच्च्या गाजराचे तुकडे घातले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेल्यावर ते जसेच्या तसे परत मिळाले. (आम्ही मोजले नाहीत.) म्हणून किसायचं, मग वाफवायचं. भिंती पडल्या की आतलं बीटा-कॅरोटीन बाहेर येतं. गाजर केशरी दिसतं ते त्याच्यामुळेच. कुत्र्याचं शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवू शकतं. मांजराला हे साधत नाही, त्यामुळे शेजारच्या मनीला आमच्या गाजराचा त्या बाबतीत काही उपयोग नाही.

तर आम्ही वाफवलेला गाजराचा कीस वाटीभर घेतला. त्यात वाटीभर ज्वारीचं पीठ, वाटीभर कणीक आणि एक अंडं. मीठ नाही, साखर नाही, सोडा नाही. नुसती ज्वारी घ्यायचा हट्ट मी आधी करून पाहिला होता. लाटायला गेले तर कडांना चिरा! गव्हात ग्लुटेन असतं, ते पीठ ताणून धरतं. ज्वारीत ते नाही. आजी भाकरीच्या पिठात गरम पाणी घालते ते याचसाठी. गरम पाण्याने स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. आजीने हे कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता शोधलंय. आमच्या बिस्किटांत ते काम कणकेने केलं. निम्म्या पिठात गाजराऐवजी उकडलेलं बीट घातलं, कारण भाचीला लालभडक बिस्किटं हवी होती.

पोळी लाटून वाटीने गोल कापले आणि मी ओव्हन तापवायला वळले, तेवढ्यात मागे डब्याचं झाकण वाजलं. बघते तर बाई प्रत्येक बिस्किटाला मनुकांचे डोळे लावत होत्या!

मी ओरडलेच. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर, ते प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं, म्हणून एकही द्यायची नाही. का होतं हे कोडं पशुवैद्यांना कितीतरी वर्षं सुटत नव्हतं. धागा सापडला तो खेळण्याच्या मातीत. अमेरिकेत एका कुत्र्याने घरी केलेली रंगीत खेळमाती खाल्ली आणि तो अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखा आजारी पडला. त्या मातीत द्राक्षं नव्हती, पण क्रीम ऑफ टार्टर नावाची पूड होती. ती टार्टारिक आम्लापासूनच येते आणि द्राक्षांतही हेच आम्ल असतं. एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये हा संशय जाहीरपणे मांडला. आता ओळखा, हे आम्ल आपल्या स्वयंपाकघरात आणखी कशात ठासून भरलेलं असतं? चिंचेत! त्यामुळे आमटी-सांबारातली उष्टी भाकरीही मोत्याला बंद. त्यात कांदा-लसूणही असतो. त्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मग कांदा कच्चा असो, तळलेला असो की मसाल्यातला. चॉकलेट नाही, आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल तर मुळीच नाही. चुकून पोटात गेलंच तर वाट बघत बसू नका, लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन.

मनुकांचे डोळे उपटून झाले. ट्रे आत गेला, १६० अंशांवर अर्धा तास.

अर्धा तास म्हणजे भाचीच्या हिशेबात एक युग. म्हणून तिला जेम्स स्प्रॅटची गोष्ट सांगितली. हा अमेरिकन माणूस विजेपासून घरं वाचवणाऱ्या तारा विकायला लंडनला गेला होता. गोदीवर त्याने पाहिलं, की खलाशी जहाजावरची दगडासारखी कडक बिस्किटं टाकतायत आणि कुत्री त्यांवर तुटून पडतायत. तारा राहिल्या बाजूला! १८६०च्या सुमाराला त्याने खास कुत्र्यांची बिस्किटं बाजारात आणली. त्यांत गव्हाचं पीठ होतं, वाळवलेलं मांस होतं, भाज्या होत्या, आणि त्या भाज्यांमध्ये चक्क बीट होतं. म्हणजे आमची पाककृती काही फार नवीन नाही.

एव्हाना घरभर खमंग वास सुटला होता. पिठातली प्रथिनं आणि साखर तापली की एकमेकांशी जोडली जाऊन शेकडो नवे वास तयार होतात, भाकरीच्या खरपूस डागातही हेच घडतं. फ्रान्सच्या लुई-कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. आम्हाला आला एक वास, मोत्याला किती आले असतील? आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पन्नास-साठ लाख पेशी, त्याच्याकडे वीस कोटींहून जास्त. महाराज आता चारी पायांवर उभे होते आणि ओव्हनच्या काचेवर नाकाचा ओला शिक्का उमटवत होते.

ट्रे मी बाहेर काढला. गाजराची बिस्किटं केशरीच राहिली, पण बीटाची लालभडक काही झाली नाहीत, मातकट तपकिरी झाली! बीटाचा रंग उष्णतेत टिकत नाही. भाचीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, अगं, मोत्याला लाल रंग कुठे दिसतो? त्याच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा तेवढा नीट कळतो. ती म्हणाली, पण मला दिसतो ना. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बंद ओव्हनमध्येच बिस्किटं तासभर वाळू दिली. ओल राहिली की दोन दिवसांत बुरशी येते. मग एक त्याच्यापुढे ठेवलं. दिवसभरात दोन-तीनच द्यायची, खाऊ म्हणजे जेवण नव्हे. गोड चव कुत्र्यांना कळते, त्यामुळे गाजर आवडेल अशी माझी आशा होती.

मोत्याने हुंगलं. पहिलं बिस्किट दोन चाव्यांत संपलं, दुसरंही. तिसरं त्याने दातांत अलगद धरलं, इकडे-तिकडे पाहिलं, बाहेरच्या खोलीत गेला, सोफ्याच्या उशीखाली सारलं आणि नाकाने उशी ढकलून ढकलून ते झाकलं. लांडगेही उरलेली शिकार अशीच मातीत पुरून ठेवतात.

भाचीने पुन्हा कमरेवर हात ठेवले. "बघ! म्हटलं नव्हतं, लांडगा आहे म्हणून?"