कलम बघायचं की फुप्फुसं?

कोरोनाच्या साथीत वेल्हे किंवा भोरच्या पोलीस ठाण्यात महिन्याला एकदा हजेरी लावून घरी जाणारा माणूस चक्क शिक्षा भोगणारा कैदी असू शकत होता! मे २०२० मध्ये महाराष्ट्राने पॅरोलचे नियम बदलले. सात वर्षांपर्यंत शिक्षा झालेल्यांना ४५ दिवसांचा आपत्कालीन पॅरोल, पुढे साथ असेपर्यंत मुदतवाढ. अट एकच मोठी : दर ३० दिवसांनी आपल्या हद्दीतल्या ठाण्यात हजर व्हायचं.

गंमत म्हणजे या सुटकेची सुरुवात कुणा कैद्याच्या अर्जाने झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २३ मार्च २०२० ला प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. अंतर राखा म्हणायचं, पण कुठे? मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता तेव्हा ८०४, आत माणसं तिपटीहून जास्त.

या सगळ्यामागे घटनेचं २१ वं कलम आहे. जगण्याचा हक्क तुरुंगाच्या फाटकाशी जमा करून आत जायचं नसतं. सुनील बत्रा प्रकरणात तर तिहारमधल्या कैद्याने सहकैद्याच्या छळाबद्दल धाडलेलं पत्रच न्यायालयाने याचिका मानलं होतं.

पण सुटकेची यादी करताना महाराष्ट्राच्या समितीने यूएपीए (दहशतवादविरोधी), मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी) अशा कायद्यांखालचे कैदी वगळले. विषाणू मात्र वय बघतो, फुप्फुसं बघतो. कलम बघत नाही. वाद उभा राहिला तो याच फटीत. यूएपीएखाली तळोजा तुरुंगात असलेले एकोणऐंशी वर्षांचे कवी वरवरा राव जुलै २०२० मध्ये कोरोनाबाधित निघाले. त्यांचा कॅथेटर तीन महिने बदललाच नव्हता, असं वकिलांनी उच्च न्यायालयाला सांगितलं. निदान काय, वय किती, तुरुंगाच्या दवाखान्यात सोय काय, हे न्यायमूर्तींनी वैद्यकीय कागदांवरून तपासलं. २२ फेब्रुवारी २०२१ ला सहा महिन्यांचा जामीन मिळाला. कलम तेच, यूएपीएचं. फक्त प्रश्न बदलला होता. मला यातलं खरं नवल हे वाटतं. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय कारणावरून त्यांना कायमचा जामीन दिला.

त्याच तुरुंगातले, ८४ वर्षांचे, कंपवाताने पेला धरू न शकणारे फादर स्टॅन स्वामी यांनाही उच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये खासगी रुग्णालयात हलवायला लावलं. जामिनाचा अर्ज ५ जुलैला सुनावणीला निघाला, तेव्हा ते गेल्याचं डॉक्टरांनी न्यायालयालाच कळवलं.