जुना फवारणी पंप घेताना

फवारणीचा जुना पंप गावात हातोहात फिरतो. नवा परवडत नाही, म्हणून कोणी तो विकत घेतो, कोणी शेजाऱ्याकडून मागून आणतो. त्यात गैर काही नाही. घेणारा दांडा मारून पाहतो आणि सौदा ठरवतो. खरा प्रश्न मात्र राहून जातो: या पंपाने आधी काय फवारले?

गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी हे तणनाशक वापरतात. आपल्या नागपूर भागातील मुख्य पीक कपाशी; तिला ते अतिशय मारक. टाकीत व रबरी नळीत राहिलेला अंशही पुरतो. पाने अरुंद होऊन बोटांसारखी लांबतात, शेंडे वळतात. शेतकरी रोग समजून पुन्हा औषध मारतो. खर्च वाढतो, पीक सुधारत नाही.

म्हणून नळी व वायसर नवे बसवा. टाकीत धुण्याच्या सोड्याचे पाणी रात्रभर ठेवा, ते नळीतूनही सोडा. मग साध्या पाण्याने तीनदा धुवा. धोवण विहिरीजवळ वा नाल्यात टाकू नका. शेवटी त्याच पंपाने टोमॅटोच्या दोन रोपांवर नुसते पाणी फवारा. आठवडाभरात पाने मुरडली, तर तो पंप कपाशीत नेऊ नका. तणनाशकासाठीच ठेवून त्यावर खूण करा.

गळका पंप मात्र फुकटही घेऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, हे विसरू नका.

विकणाऱ्या बंधूंनीही पंपाचा इतिहास न विचारता सांगावा. शेजारधर्म तो हाच.